समुद्राचा जमाखर्च

आमच्या कसालच्या तिठ्यावर मालवणची मासळी येते. एखाद्या दिवशी बांगडा स्वस्त मिळतो, तर कधी आठवडाभर टोपली रिकामी. कारण विचारा, म्हणजे रापणकर पर्ससीन जाळ्यांकडे बोट दाखवतात आणि पर्ससीनवाले बदललेल्या पाण्याकडे. हा वाद साधा नव्हे. त्यावरून या किनाऱ्यावर मोठे संघर्ष झाले आहेत. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावेत, असे ठरले. पण पाण्यातले मासे तर कोणी मोजलेले नसतात! मग इतकीच जाळी पुरेत, हे ठरवायचे कसे?

या प्रश्नाकडे गणिताने पाहण्याची सुरुवात मासळीबाजारातच झाली. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी जवळजवळ थांबली होती. युद्धानंतर दांकोना या प्राणिशास्त्रज्ञाने बाजारातील जुन्या नोंदी तपासल्या. फ्यूमे बंदरात मोरीसारख्या शिकारी माशांचे प्रमाण १९१४ साली सुमारे १२ टक्के होते, ते १९१८ साली सुमारे ३६ टक्के झाले होते. मासेमारी थांबली तर सगळेच मासे सारखे वाढायला हवेत. मग शिकारीच का वाढले? त्याने हे कोडे व्होल्टेरा या गणितज्ञापुढे ठेवले. व्होल्टेराने १९२६ साली दिलेले उत्तर असे: शिकारी माशांची संख्या टिकायची, तर त्यांच्या मृत्यूंची भरपाई होईल इतके भक्ष्य त्यांना मिळाले पाहिजे. जाळ्यांमुळे मृत्यू वाढले, की त्यांना टिकायला अधिक भक्ष्य लागते. जाळी थांबली, की थोडक्या भक्ष्यावरही त्यांचे भागते, आणि समतोल त्यांच्या बाजूने झुकतो. दोन समीकरणांत एवढे निघाले! (पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला याचा हेवा वाटतो.)

पण समुद्रात दोनच जाती नसतात. १९८४ साली पोलोविना यांनी हवाईजवळच्या प्रवाळबेटांसाठी जी रीत वापरली, ती वाण्याच्या वहीसारखी आहे. प्लवक, झिंगे, पेडवे, बांगडे, सुरमई असे गट पाडायचे व प्रत्येकाचा जमाखर्च मांडायचा. समजा, बांगड्याचे वर्षाचे उत्पादन १०० टन आहे. सुरमई, मोरी वगैरेंनी ६० टन खाल्ले, जाळ्यांनी २५ टन काढले, १० टन इतर कारणांनी मेले. साठ्यात ५ टनांची भर पडली. आता जाळ्यांनी ४५ टन काढले तर? भर तर नाहीच, उलट १५ टन कमी पडतात. मग सुरमई उपाशी राहील किंवा बांगड्याचा मूळ साठा घटेल. आणि साठा घटला की पुढच्या वर्षीचे उत्पादन १०० टन राहणार नाही. म्हणजे बांगडा पर्ससीनने नेला, पण फटका सुरमईसाठी जाळे टाकणाऱ्यालाही बसला. एकेका जातीचा वेगळा हिशेब केला, तर हे दिसतच नाही.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकालगतच्या अरबी समुद्राचे असे प्रतिमान तयार केले आहे. अमुक प्रकारची मासेमारी कमी-जास्त केली तर इतरांच्या वाट्याला काय येईल, हे त्यातून संगणकावर अजमावता येते. प्रत्यक्ष समुद्रावर असा प्रयोग करायचा, तर चुकल्यावर माघार घ्यायला वाव नसतो.

प्रतिमान म्हणजे भविष्यवाणी मात्र नव्हे. पावसाळ्यात खोल पाणी वर येते आणि त्याबरोबर आलेल्या क्षारांवर प्लवके वाढतात. हे वर येणे दरवर्षी सारखे नसते. म्हणून पर्ससीनवाल्यांचे पाण्याकडे बोट दाखवणेही अगदीच चूक नाही. वहीत दोन्ही बाबी मांडाव्या लागतात. शिवाय कोण कोणाला किती खातो, हा आकडा चुकला तर पुढचे सारे चुकते. तो मिळवण्याचा एक मार्ग असा: बंदरावर उतरलेल्या माशांचे पोट फाडून आत काय आहे ते पाहायचे. पुढच्या वेळी घरी सुरमई आली, तर आईने ती साफ करताना तुम्हीही पाहा. अर्धवट पचलेला पेडवा सापडला, तर त्याची लांबी मोजून तारखेसह वहीत टिपून ठेवा.