खालांचा प्रश्न आणि दहा किलोमीटरचा रेडिओ

दोन वर्षांपूर्वीचा रमजान. अकरावा रोजा होता. असरच्या नमाजनंतर शेजारचा मुलगा धावत आला, ‘खाला गिर गए’ म्हणाला. मी पोहोचलो तेव्हा खाला घामाने भिजलेल्या, हात थरथरत होते, शब्द नीट फुटत नव्हते. मधुमेह पंधरा वर्षांचा. साखर मोजली तर ४८. सरबत पाजलं, अर्ध्या तासात त्या भानावर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘रोजा टूट गया ना बेटा?’

साखर मोजण्याचं यंत्र त्यांच्याच कपाटात होतं. रमजान लागल्यापासून त्यांनी ते बाहेर काढलं नव्हतं. मी रागावलो, तर त्यांनी साधेपणाने विचारलं, ‘रोजे में खून निकालते क्या?’

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारायचा होता? दवाखान्यात मिळालेला सूचनांचा कागद इंग्रजी-मराठीत होता. खाला वाचतात ती उर्दू. मशिदीतल्या बयानात रोजाचे मसले सांगितले जातात, पण आमच्याकडे बायका मशिदीत जात नाहीत. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात, त्यात रोजाचा विषय काढायला संकोच वाटतो. आणि मी, घरातला शिकलेला भाचा, वर्गात रोज तास घेतो. पण खालांशी या विषयावर दहा मिनिटं कधी बोललो नव्हतो.

उत्तर सोपं आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुसंख्य उलेमा सांगतात. इन्सुलिनच्या इंजेक्शनबाबतही बहुतेकांचं मत हेच आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा सोडावा, असं मधुमेहतज्ज्ञ सांगतात. आजारी माणसाला कुरआनच्या सूरह बकरामध्येच सवलत आहे : बरं झाल्यावर रोजे भरून काढावेत, आजार कायमचा असेल तर फिदया, म्हणजे एका रोजामागे एका गरिबाचं जेवण. दीन आणि वैद्यकशास्त्र दोन्ही एकच सांगत होते. ते खालांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं मात्र नव्हतं.

तेव्हापासून मी सामुदायिक रेडिओकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने, प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना असा रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. आज देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रं आहेत. ताकद जेमतेम १०० वॅट, पल्ला पाच ते दहा किलोमीटर. व्यापारी वाहिन्यांना हे क्षुल्लक वाटेल. पण दहा किलोमीटर म्हणजे एक बाजार, एक सरकारी दवाखाना, आठ-दहा मोहल्ले. माणसाचा रोजचा संसार बहुतेक तेवढ्यातच असतो.

हरियाणातल्या नूह जिल्ह्याचं, म्हणजे जुन्या मेवातचं उदाहरण घ्या. दिल्लीपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेला हा मेव मुस्लिमांचा भाग. २०११ च्या जनगणनेत तिथल्या स्त्रियांची साक्षरता जेमतेम ३७ टक्के होती. बाळांच्या लसीकरणात हा जिल्हा राज्यात मागे. लसीविषयी अफवा तिथे लवकर पसरतात, आणि छापील पत्रक तिथे फारसं कामाचं नाही. अशा ठिकाणी २०१० मध्ये ‘रेडिओ मेवात’ आणि २०१२ मध्ये घाघस गावात ‘अल्फाज-ए-मेवात’ सुरू झालं. लसीकरण, बाळंतपण, रेशन, पेन्शन यांवर तिथे मेवाती बोलीत बोललं जातं. बोलणारे त्याच भागातले. ऐकणारी बाई भाकरी थापता थापता ऐकते. अक्षर ओळखावं लागत नाही, कोणापुढे तोंड उघडावं लागत नाही, आणि शेजारणीने विचारलेल्या प्रश्नात तिला आपला प्रश्न सापडतो.

आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून चालू आहे. दुष्काळी माण तालुक्यातली शेती, पाणी, आरोग्य, लोकगीतं हे सगळं तिथे माणदेशी बोलीत ऐकायला मिळतं. मेवात आणि माण यांच्यात धर्म, हवामान, भाषा काहीच सारखं नाही. ऐकणाऱ्याला आपल्या माणसाचा आवाज ओळखू येतो, एवढंच सारखं आहे.

या रेडिओला मर्यादाही आहेत. आकाशवाणीच्या बातम्या सोडल्या तर स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. जाहिरातींवर मर्यादा असल्याने पैशाची चणचण कायमची. तरी नियमात एक मोठी खिडकी उघडी आहे. वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचा इशारा अशा प्रशासनाकडून आलेल्या सूचना ‘बातमी’ धरल्या जात नाहीत. म्हणजे नळाला पाणी कधी येणार, डेंग्यूची फवारणी कोणत्या गल्लीत आहे, लसीकरणाची गाडी कुठे थांबणार, हे सांगायला कायद्याची आडकाठी नाही.

आमच्या मोहल्ल्यात हे काम आज मशिदीचा माइक करतो. मय्यतची खबर, हरवलेलं मूल, पोलिओचा डोस. २०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या, लोक तरावीह घरात पढत होते, तेव्हा ‘घरीच नमाज पढा’ ही विनंतीही आम्ही त्याच माइकवरून ऐकली. लोकांनी ती मानली, कारण आवाज ओळखीचा होता. पण माइकवर प्रश्न विचारता येत नाही. खालांना तर प्रश्नच विचारायचा होता.

महाविद्यालयं अशा रेडिओसाठी अर्ज करू शकतात. परवाना मिळायला वेळ लागतो, केंद्र चालवायला त्याहून जास्त दम लागतो. आमच्या शहरात तो दिवस येईल तेव्हा येईल. तोवर एवढं तर करता येईल : शाबान महिन्यातच मोहल्ल्यातले एक डॉक्टर आणि एक मौलानासाहेब यांना समोरासमोर बसवायचं, बायकांचे प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर मागवायचे, उत्तरं आपल्या दखनीत रेकॉर्ड करून घरोघरच्या मोबाइलवर पाठवायची.

या वर्षी आम्ही आमच्या गल्लीपुरतं हे केलं. डॉक्टरांनी खालांना रोजे ठेवायला मनाई केली. त्या दिवशी त्या खूप रडल्या. आता फिदयाचे डबे स्वतःच्या हाताने भरतात. रेकॉर्डिंगमधला पहिला प्रश्न त्यांच्याच आवाजातला आहे. परवा पलीकडच्या गल्लीतली एक अनोळखी बाई त्यांच्या दारात आली. हातात मोजायचं यंत्र होतं. म्हणाली, ‘वो सवाल आपने पूछा ना? जरा सिखा दो.’