जाझच्या मुलुखातून मातोश्रींच्या गाण्याकडे

ज्या वादकाची जाझमधील हुकमत जगन्मान्य आहे, त्याने आपला नित्याचा दस्तूर बाजूस ठेवून अन्य शैलीच्या सेवेस हजर व्हावे, यातच त्याच्या विद्येची खरी पारख होते, हे माझे मत त्रिलोक गुर्टू यांचे १९८८ सालचे 'उस्फ्रेट' हे ध्वनिमुद्रण ऐकून दृढ झाले.

१९५१ साली मुंबईत जन्मलेल्या, प्रथम तबला शिकलेल्या आणि पुढे 'ओरेगॉन' या जाझवृंदात व गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात नावारूपास आलेल्या या कलावंताने 'उस्फ्रेट'मध्ये साथ केली ती प्रत्यक्ष मातोश्रींना, म्हणजे बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांना. शेजारी डॉन चेरी यांचे ट्रम्पेटही आहे.

त्रिलोक यांची बैठकही निराळी. उंच आसन नाही, पायाने वाजवायचा मोठा ड्रम नाही; जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून ते तबला आणि ड्रम एकाच ओघात वाजवतात, आणि घणघणती थाळी पाण्याच्या बादलीत बुडवतात तेव्हा, पाण्याचा भार पडून कंप मंदावल्यामुळे, तिचा स्वर मिंडेसारखा खाली उतरतो.

आमच्या नाते गावी शिमग्याच्या पालखीपुढे खालूबाजाचा वाद्यमेळ ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला ही लय मुळीच परकी वाटत नाही. ज्यांना जाझ दुर्बोध वाटते, त्यांनी मॅक्लॉफ्लिन यांच्यासह लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९८९ साली झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे. मुखाने म्हटलेले तालाचे बोल तेथे स्पष्ट ऐकू येतात.