बुडी, बुडणं आणि बुडवणं

इंग्रजीतला ‘डाइव्ह’ हा लहानसा शब्द किती कामं करतो बघा. पोहणारा पाण्यात झेपावतो ती डाइव्ह, झेल घ्यायला क्षेत्ररक्षक अंग झोकून देतो ती डाइव्ह, विमान नाक खाली करून येतं ती डाइव्ह. बाजारभाव कोसळले तरी डाइव्हच. इतकंच काय, कळकट दारूच्या गुत्त्यालाही तिकडं ‘डाइव्ह’ म्हणतात. असे गुत्ते तळघरात असायचे, पायऱ्या उतरून आत शिरावं लागायचं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

आपली मराठी एवढ्या सगळ्याला एकच शब्द वापरत नाही. पंचगंगेच्या घाटावर पोहणाऱ्या पोरांना विचारा. हात पुढं आणि डोकं खाली घालून गेला, तर तो सूर. गुडघे पोटाशी धरून धपकन पडला, तर तो मुटका. पाण्याखाली दिसेनासा झाला, तर ती बुडी. यातल्या ‘सूर’चं मला विशेष कौतुक. गाण्यातला सूर वेगळा आणि पाण्यातला वेगळा; पण अल्लादियाखाँसाहेबांच्या या कोल्हापुरात दोन्ही सुखानं नांदतात. दम दोन्हींना लागतो!

बुडी माणूस आपल्या मर्जीनं मारतो. बुडण्यात मर्जी नसते. दिवस बुडतो, आमच्या घरी दखनीत त्यालाच ‘दिन डूब्या’ म्हणतात. आजारपणात मजुरी बुडते. पुरात घर बुडतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

तिसरा शब्द ‘बुडवणं’. यात करणारा हजर असतो. पोरगा शाळा बुडवतो, गिऱ्हाईक उधारी बुडवतं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, असंच आपण सांगतो. ती बुडाली असं कुणी म्हणत नाही. लोकांच्या बोलीनं बुडवणाऱ्याला सोडलेलं नाही.

आपण मात्र आता सोडतो. पतसंस्था ‘बुडाली’, ठेवी ‘बुडाल्या’ असं म्हणतो, जणू संध्याकाळ होऊन दिवसच बुडाला! धरणाच्या कागदपत्रांत ‘बुडीत क्षेत्र’ असा शब्द असतो. त्यात गाव असतं, शेत असतं, देऊळ असतं, कबरस्तान असतं; पण बुडवण्याचा निर्णय घेणारा नसतो. धरणं नकोत असं मी म्हणत नाही. राधानगरीच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे. पण ज्यांची घरं त्या पाण्याखाली गेली, त्यांनी बुडी मारलेली नव्हती, एवढं भाषेनं तरी लक्षात ठेवावं.

म्हणून यापुढं काही ‘बुडालं’ असं कानावर आलं, तर मराठीलाच एक साधा प्रश्न विचारू या : बुडालं, की बुडवलं?