बोटुकलीला नदीची ओळख

कृष्णा, कोयना, वारणेच्या काठच्या जुन्या माणसांना महसीर विचारून बघा. मोठ्या खवल्यांचा, धारेच्या उलट पोहणारा मासा. कुणी त्याला खडस म्हणतं. पावसाळ्यात तो वर चढतो आणि स्वच्छ वाहत्या पाण्यात, खडीवर अंडी घालतो. बंधाऱ्यांनी वाट अडली, खडी-वाळू उपसली गेली, पाणी घाण झालं, तसा तो कमी होत गेला.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवतात आणि नद्या-तलावांत सोडतात. पण असे मासे कुठेही सोडले, की ‘इतके हजार सोडले’ एवढंच आपल्या कानावर येतं. वर्षभरानं त्यातले उरले किती?

हौदातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, खाद्य वरून पडतं एवढंच शिकलेली असते. पाण्यावर सावली आली की ती पळत नाही, उलट जवळ येते! महाडजवळ वाळण कोंडीतले मासे असेच चुरमुऱ्यांसाठी काठाला येतात, पण तिथे देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. नदीत मरळ आणि पाणकावळा टपलेलेच असतात.

म्हणून भीती आधीच शिकवावी लागते. जखमी माशाच्या कातडीतून एक वास पाण्यात उतरतो आणि त्याच्या जातीचे मासे सावध होतात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं १९३८ साली दाखवलं. तो वास आणि शिकारी माशाचा वास हौदात एकत्र सोडला, की पिल्लं शत्रू ओळखायला शिकतात. कोंबडी नाही का, घार दिसली की पिल्लांना हाक घालते? हौदात दगड ठेवावेत, पाण्याला धार द्यावी, जिवंत किडे खाऊ घालावेत.

सोडण्याच्या दिवशी घाई नको. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं नदीवर तरंगू द्यावी, मग नदीचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं. पाण्याच्या गरम-गार फरकानंच पुष्कळ पिल्लं दगावतात. भर उन्हात नको, सगळी एकाच डोहातही नकोत.

आणि नदी कोणती, हेही बघावं लागतं. आपल्याकडचा महसीर कावेरीत सोडला, तो तिथे चांगला जगला. पण तिथला मूळचा कुबड्या महसीर मागे हटला आणि २०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. तुमच्या घाटावर उद्या पिशव्या आल्या, तर पाहुण्यांना आधी विचारा : या पिल्लांचे आईबाप कोणत्या नदीचे?