५९ दिवस

१२ मे २०१७ च्या शुक्रवारी इंग्लंडमधल्या अनेक इस्पितळांत संगणकाच्या पडद्यावर एक लाल चौकट उमटली. तुमच्या फायलींना कुलूप लावले आहे, सोडवायच्या असतील तर तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, असा तिचा मजकूर होता. 'वॉनाक्राय' नावाच्या या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक गाठले. ब्रिटिश आरोग्यसेवेच्या इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात, असा पुढे अंदाज बांधला गेला. या प्रकरणाची उकल मात्र त्याआधीच्या एका तारखेत आहे. एकाच नेटवर्कमधले संगणक ज्या प्रणालीने फायली आणि प्रिंटर वाटून घेतात, तिच्या जुन्या आवृत्तीत दोष होता. तो बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच फुकट देऊ केले होते. औषध घरात येऊन पडले होते, ते घ्यायला ५९ दिवस मिळाले, आणि तरीही ही साथ पसरली.

अपडेट म्हणजे दुरुस्ती, एवढेच आपण धरून चालतो. पण दुरुस्ती जाहीर होते त्याच दिवशी भगदाडाचा पत्ताही जाहीर होतो. अपडेटच्या आधीची आणि नंतरची फाईल शेजारी शेजारी ठेवून कंपनीने नेमके काय बदलले हे जाणकार शोधून काढतात, आणि जाणकारांत चोरही आले. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट देते. त्यानंतरच्या दिवसाला या क्षेत्रातली माणसे थट्टेने 'एक्स्प्लॉइट वेन्सडे' म्हणतात. आपण त्याला चोरांचा बुधवार म्हणू. वॉनाक्रायच्या वेळी तर चोरांना तेवढीही मेहनत पडली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने त्याच दोषावर बेतलेले हत्यार स्वतःसाठी बाळगले होते. ते फुटले आणि १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने इंटरनेटवर उघड्यावर टाकले. म्हणून 'नंतर आठवण करून द्या' हे बटण दिसते तितके निरुपद्रवी नसते. आपण ते दाबत राहतो तेव्हा आपला संगणक आहे तसाच असतो, पण त्याची कमजोरी ठाऊक असलेल्यांची संख्या रोज वाढत असते.

माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय, असे पुष्कळजण विचारतात. वॉनाक्राय कोणाची निवड करतच नव्हता. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप सरकत होता. कोणी काही उघडण्याची, क्लिक करण्याची गरजच नव्हती. जुन्या यंत्रांमुळे हे झाले, अशीही एक समजूत आहे आणि ती बरीचशी चुकीची आहे. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत बाधित संगणकांपैकी जवळपास सगळे विंडोज ७ चे निघाले, आणि विंडोज ७ ला तेव्हा रीतसर अपडेट मिळत होते.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा की अपडेटनेच संगणक बिघडतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतातल्या काही विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते अपडेट विंडोजचे नव्हते हे खरे, पण तेवढ्याने आक्षेप मोडत नाही. त्याचे उत्तर क्रमात आहे. मोठ्या कार्यालयाने आधी दहा-वीस यंत्रांवर अपडेट चालवून पाहावे, दोन-चार दिवसांनी बाकीच्यांवर टाकावे. घरच्या माणसाने फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. चार दिवस थांबणे ही सावधगिरी झाली. दोन महिने थांबण्याला ते नाव शोभत नाही.

सर्वांत अडचणीचा दाखला तर न्हावाशेवापर्यंत पोचतो. २७ जून २०१७ चा 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक कोलमडल्यावर आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनलही विस्कळीत झाले. म्हणजे अपडेटची वाटही विषारी होऊ शकते. शिवाय हा प्रोग्राम पासवर्ड चोरत असल्याने, दुरुस्त केलेले काही संगणकही त्याच्या तावडीत सापडले. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आत शिरल्यावर पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यांतला एक मार्चमध्येच बुजवता येणारे तेच भगदाड होते. तेव्हा १०५ दिवस उलटले होते.

हे सगळे अपडेट येत असलेल्या यंत्रांबद्दल झाले. विंडोज १० चा नेहमीचा आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रांसाठी आणखी काही काळ सुरक्षा अपडेट मिळवण्याची वेगळी सोय आहे. लिनक्स बसवता येते, नाहीतर यंत्र इंटरनेटपासून तोडून नुसते टंकलेखनाला वापरता येते. यांपैकी काहीच केले नाही तरी ते उद्या सकाळी नेहमीसारखेच सुरू होईल, आणि पडद्यावर काही वेगळे दिसणार नाही.