बाटलीमागचे दुखणे

कर्नाळ्याच्या सुळक्याखालून मुंबई-गोवा रस्त्याने जाताना आपण मुलांना किल्ला दाखवतो. मला मात्र या वाटेने रात्रंदिवस गाड्या हाकणाऱ्यांचा विचार येतो. समजा, त्यांतल्या एकाने भीषण अपघात पाहिला. डोळे मिटले की तोच देखावा! झोप यावी म्हणून तो घोटभर घेतो. घोटाचा पेला होतो, पेल्याची बाटली. आपण त्याला दारुड्या म्हणून मोकळे होतो.

अशा आघातातून जडणाऱ्या दुखण्याला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली स्वतंत्र नाव दिले. इकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' काढले. तेथे औषधाच्या जोडीला मन मोकळे करण्यालाही मान आहे.

आणि ते हवेच! दारू सुटली, की दडपलेली आठवण उसळी घेते. त्या भयाने कित्येकजण उपचाराच्या दारातूनच माघारी फिरतात. म्हणून दोन्ही दुखण्यांवर एकत्र इलाज हवा. पुष्कळ दिवसांची दारू घरच्या घरी एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर गाठावा.

घरच्यांनी 'का पितोस?' असे दरडावण्यापेक्षा 'तुला झोप का लागत नाही रे?' एवढेच विचारावे, आणि तो बोलेल तेव्हा ऐकावे.