टेम्पोतलं वऱ्हाड आणि विम्याचा कागद

डोळखांबहून भेंडीच्या जाळ्या भरून पिकअप कल्याणच्या बाजाराला निघतो. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी भेंडीचा मालक बसलेला. वाटेत अपघात झालाच, तर विमा याला लागू आहे का? आहे. 1994 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 मध्ये मालवाहू गाडीतून मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला गेला.

आता तीच गाडी लग्नसराईत. हौद्यात सतरंजी अंथरून वऱ्हाड कोंबलेलं, फाळक्याला पोरं लोंबकळताहेत. इथे मात्र विमा कंपनी हात वर करू शकते. मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात सांगितलं. मग भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात. एकाच पिकअपवर घर चालवणाऱ्याची तर जमीनच विकायला निघायची.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा. पण तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ वेगळा घ्यावा लागतो, आणि भेंडी या दोन्हींत नाही. मालाचा विमा आणखी निराळा. एजंट हे आपणहून क्वचितच सांगतो.

विमा नाकारायला पुढे केला जाणारा लायसन्सचा घोळ मात्र बराच मिटला. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं. हे वजन मालासकट धरायचं. आरसी बुकात ते छापलेलं असतं.